ज चा झ

परवा मंडळाचे तिघे पदाधिकारी घरी आले. मंडळ फार जुनं झालंय, त्याची स्मरणिका काढायची आहे, तिच्यात मंडळाचा इतिहास हवा आणि सुरुवातीपासूनचे आता तुम्हीच उरलात काका, असं त्यांचं म्हणणं. चहा झाला, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग सेक्रेटरी म्हणाला, "स्थापनेच्या वेळचा एखादा कागद आहे का हो तुमच्याकडे? पहिल्याच पानावर टाकू. झकास दिसेल."

"नाही बाबा, तसा कागद नाही," मी म्हणालो.

अगदी हेच वाक्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोललो. पहिल्यांदा बोललो ते पन्नासचं दशक संपत आलं तेव्हा, इथेच बोरीवलीत, चाळीतल्या आमच्या जुन्या खोलीत. ते तिघे गेल्यावर मी ही वही काढली. बायको असती तर म्हणाली असती, आता कुणाला घाबरताय? त्यांना हवा तो इतिहास मी दोन पानांत लिहून देईन. हा दुसरा आहे. माझ्या अक्षरावर माझा स्वतःचाच विश्वास नाही हे मात्र आधी सांगून टाकतो, कारण सगळं घडलं ते अक्षरापायीच.

मंडळाच्या पाटीवर स्थापनेचं जे साल आहे ते खरं आहे. फक्त त्या साली तिथे भजन नव्हतं. तिथे होता तो जॅझ क्लब.

लढाईच्या दिवसांत लष्कराने गावठाणाच्या पलीकडे, ताडांच्या रांगेला लागून, अर्धगोल छपराची एक पत्र्याची बराक बांधली होती. लढाई संपली, गोरे शिपाई गेले, बराक राहिली. तिच्यात एक गोवेकर वाजंत्री राहायला आला. मूकपटांच्या काळात थिएटरात पडद्याखाली बसून त्याने कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी कर्णा, वाजवलं होतं, मग शहरातल्या हॉटेलांत. दारूबंदी आली आणि हॉटेलांचे बँड एकेक करून आटले. त्याच्यासारखेच रिकामे झालेले सात-आठ जण दर रविवारी दुपारी, चर्च आणि जेवण आटोपून, त्या बराकीत जमायचे आणि वाजवायचे. ऐकायला गावठाणातली माणसं यायची, पुढे मालाड-अंधेरीहूनही येऊ लागली. त्या गोवेकराला सगळे मास्तर म्हणत. बराकीच्या मागच्या टोकाला फळ्यांची भिंत घालून त्याने एक खोली केली होती, तेच त्याचं घर. दुसरं घर होतं ते गोव्यात, बहिणीकडे.

मी तेव्हा आमच्या भागाच्या एका छोट्या कचेरीत कारकून म्हणून नुकता चिकटलो होतो. मॅट्रिक, अक्षर चांगलं, आणि वरिष्ठांसमोर तोंडातून शब्द न फुटण्याची सवय. ही शेवटची गोष्ट सरकारी नोकरीत गुण समजली जाते. चौथ्या महिन्यात माझ्यासमोर मास्तरचा अर्ज आला. बराक आणि तिची जागा कचेरीच्या ताब्यात आलेली, आणि तिथे रविवारी जमायची रीतसर परवानगी त्याला हवी होती. अर्ज इंग्रजीत, टाइप केलेला, खाली वळणदार सही. आमचं दप्तर मराठीत. हेडक्लार्क म्हणाले, "नोंद कर आणि दाखला तयार ठेव."

मी अडलो तो क्लबच्या नावाशी. जे, ए, झेड, झेड. असला शब्द मी ऐकलेला नव्हता. शेवटी दोन झेड होते म्हणून मी आपले दोन झ घातले आणि लिहिलं, 'झाझ क्लब'.

हेडक्लार्कांनी चष्मा कपाळावर चढवला. "झाझ? हे काय रे? अनुस्वार कोण देणार, तुझा आजा? झांज लिही, झांज. आणि क्लब नको, क्लब म्हटलं की दारूबंदीवाले येऊन बसतील. मंडळ लिही."

मी झांज लिहिलं, मंडळ लिहिलं. अर्जात वाद्यांची यादी होती, तिच्यात झांज कुठेच नव्हती, हे मला दिसत होतं. पण सांगणार कोण? ध चा मा झाला तो निदान कुणीतरी ठरवून केला होता. मी ज चा झ केला तो निव्वळ घाबरून.

दाखला द्यायला आणि जागेची पाहणी करायला म्हणून मीच एका रविवारी बराकीत गेलो. मास्तर तेव्हा पन्नाशी ओलांडलेला असेल. उंच, किरकोळ, कोट-टाय, बूट चकचकीत. त्याला देवनागरी वाचता येत नव्हतं. त्याने दाखला दोन्ही हातांनी घेतला, उजेडात धरला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, आणि पुढच्या रविवारपर्यंत काचेची चौकट करून तो भिंतीवर टांगलाही. सात-आठ वाद्यांच्या गदारोळात, सगळ्यांना दिसेल अशा जागी, माझ्या सुवाच्य अक्षरात: झांज मंडळ.

ते संगीत मला पहिल्यांदा अजिबात आवडलं नाही हे कबूल करतो. मोरीतलं फडताळ भांड्यांसकट खाली यावं तसा तो आवाज. पण तिसऱ्या-चौथ्या रविवारी माझ्या ध्यानात आलं की हे सगळे एकदम वाजवत नाहीत. एक जण पुढे येतो, त्याला जे म्हणायचं ते म्हणून घेतो, बाकीचे त्याला धरून ठेवतात. मग तो मागे सरतो आणि दुसरा त्याला उत्तर देतो. आमच्या कोकणात भजनाची डबलबारी होते, दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने चाल टाकायची आणि दुसऱ्याने ती उचलून त्याच्यावर कडी करायची. माझे वडील असे बुवा होते. लहानपणापासून मी ते ऐकत आलो होतो. तेव्हापासून मी दर रविवारी बराकीत जाऊ लागलो, आणि घरी सांगायचो की ओव्हरटाइम आहे.

ही चूक मी मास्तरला वर्षभराने सांगितली. तो चौकटीकडे बघत राहिला, मग हसायला लागला ते खोकला येईपर्यंत. "जांज?" तो मोडक्या मराठीत कोकणी मिसळून बोलायचा. "जांज तर जांज, क्लार्क बाब. पितळ ती पितळच न्ही?" नंतर कितीतरी दिवस ड्रमवाला आपल्या थाळीवर काडी मारून म्हणायचा, हे आमचं मंडळ. दुरुस्त करू का असं मी विचारलं होतं. मास्तर म्हणाला, राहू दे, बरं नशीब आलंय त्या नावाने. माझा अर्ज तुझ्या ऑफिसात आहेच की, त्याच्यावर खरं नाव आहे.

हे त्याचं वाक्य मी विसरू शकलो असतो तर फार बरं झालं असतं.

तीन-चार वर्षं सुखाची गेली. मग एका रविवारी मागच्या खुर्चीवर एक माणूस येऊन बसला. पांढरा शर्ट, गुडघ्यांत उभी धरलेली छत्री, मार्च महिन्यात. त्याने टाळी वाजवली नाही, पायही हलवला नाही. मध्यंतरात त्याने माझ्या शेजाऱ्याला विचारलं, "तो कॉर्नेटवाला कुठला?" शेजारी म्हणाला, गोव्याचा. छत्रीवाल्याने मान हलवली आणि उठून गेला. पुढच्या रविवारी पुन्हा आला.

तो कोण ते कुणालाच कळलं नाही. दारूबंदीचा म्हणावं तर बराकीत कुणी पीत नव्हतं. निदान बराकीत तरी नव्हतं. त्याच वर्षी गोव्याची हद्द बंद झाली. सत्याग्रही गेले, गोळ्या चालल्या, आणि पत्रं, माणसं, आगगाडी सगळंच थांबलं. मास्तरच्या बहिणीचं पत्र महिन्याला यायचं ते यायचं बंद झालं. आणि मास्तरजवळ जो कागद होता तो पोर्तुगालच्या सरकारचा. गोव्यात जन्मलेल्या माणसाजवळ दुसरा कुठला असणार? पण स्टेशनबाहेर पानाच्या ठेल्यावर मी स्वतः ऐकलं, "बराकीत पोर्तुगालचा माणूस बसवलाय, यार. रविवारी बाजा वाजवतो, बाकीचे दिवस काय करतो कुणास ठाऊक." बाकीचे दिवस तो आपला एकुलता एक कोट घासायचा आणि गावठाणातल्या लोकांना सोलफा, म्हणजे गोऱ्यांचं सारेगम, शिकवायचा.

क्लबात माणसं कमी व्हायला लागली. कुणी काही बोललं नाही, फक्त मागच्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या. ट्रॉम्बेला अणुशक्तीच्या सरकारी कामावर लागलेला सॅक्सोफोनवाला तर साफ सांगून गेला की आमच्याकडे कोण कुठे बसतो-उठतो ते विचारतात, मला परवडणार नाही. मग छत्रीवालाही यायचा थांबला. त्याचा आम्हाला आनंद व्हायला हवा होता. उलट मास्तर मला म्हणाला, "तो येत होता तेव्हा बरं होतं. कुठे आहे ते तरी दिसायचं."

एव्हाना आमची उपनगरं मुंबईला जोडायचं पक्कं झालं होतं. लोकांना पाणी आणि रस्ते दिसत होते, आम्हा कारकुनांना दिसत होती दप्तरं. आमची सगळी दप्तरं शहरातल्या मोठ्या कचेरीत जायची होती, आणि जाण्याआधी एक फर्मान आलं: प्रत्येक नोंद तिच्या मूळ अर्जाशी ताडून पाहावी, तफावत आढळल्यास संबंधित लिपिकाचा खुलासा घ्यावा. संबंधित लिपिक मी. हेडक्लार्क निवृत्त होऊन गावी गेलेले. झांज म्हणणारं तोंड गेलं होतं, झांज लिहिणारा हात राहिला होता.

एका शनिवारी दुपारी, कचेरी रिकामी झाल्यावर, मी ती फाइल सोडली. मास्तरचा अर्ज काढला, चार घड्या केल्या, डब्याच्या पिशवीत टाकला आणि फाइलीच्या यादीत त्याच्यापुढे लिहिलं, 'वाळवीने खाल्ला'. आमच्या दप्तरखान्यात वाळवी होतीच, तिच्यावर एक जास्तीचा आरोप कुणाला कळणार? घरी आल्यावर तो कागद माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत, लोकरीच्या बनियनखाली ठेवला.

मी मनाशी म्हणत होतो की हे क्लबसाठी आहे. तो अर्ज कुणी पाहिला तर झांज मंडळाचं बिंग फुटेल, परवानगी जाईल, मास्तर रस्त्यावर येईल. हे खोटं नव्हतं. पण मी तो काढला तो माझ्या नोकरीसाठी, आणि हे मला त्या शनिवारीही ठाऊक होतं.

मग नवीन फॉर्म आला. परवानगी चालू ठेवायची असेल तर मंडळाने तो भरून द्यायचा, आणि त्यात रकाना होता: अध्यक्षाचे नाव व नागरिकत्व. शहरातून एक साहेब येऊन प्रत्यक्ष पाहणी करणार होते. "तुमचं मंडळ रविवारी भरतं ना," ते मला म्हणाले, "मग रविवारीच येतो. बघू या काय वाजवता ते."

वाट लागली, दुसरं काय. मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी मी वडिलांसमोर बसलो.

वडील, मी त्यांना बाबा म्हणायचो, गिरणीतून सुटून एका कारखान्यात स्टोअरकीपर झाले होते. त्यांचं खरं आयुष्य म्हणजे भजन. आमच्या गावाकडची चाळीस माणसं त्यांच्यामागे होती आणि त्या चाळीसांना बसायला जागा नव्हती. चाळीच्या व्हरांड्यात बसत होते तर खालच्या बिऱ्हाडात आजारपण निघालं, मालकाने बंदी केली. देवळात दुसरं मंडळ. गेलं वर्षभर ही माणसं एका वखारीच्या ओट्यावर, माल उतरेपर्यंत, बसत होती. मी बाबांना सगळं सांगितलं. ओव्हरटाइमचं खोटं सुद्धा. फक्त ट्रंकेतल्या कागदाचं सांगितलं नाही.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे कागदार झांज लिवलेला असा?"

"हो."

"तुझ्या हातान?"

"हो, बाबा."

"मगे झांज वाजवूक काय हरकत असा? एक रविवार तर प्रश्न. मी बसतंय."

फॉर्म मीच भरला. अध्यक्ष म्हणून बाबांचं नाव, नागरिकत्व भारतीय, खाली बाबांची सही. मास्तरला वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "फक्त कागदार, न्ही?" मी म्हणालो, फक्त कागदावर. कागदाची ताकद मी त्याच्यापेक्षा जास्त ओळखत होतो, कारण मी कागदाचंच खात होतो. तरी असं म्हणालो.

तो रविवार मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. ड्रम, खुर्च्या, पियानो, सगळं मास्तरच्या खोलीत कोंबलं. पियानो मावला नाही, त्याच्यावर चादर घालून वर तसबीर ठेवली. जमिनीवर जाजम. मास्तर आपल्या खोलीत दार लावून बसला, कारण त्याने कुणाच्या नजरेस पडणं बरं नव्हतं. साहेब आले, भिंतीवरचा दाखला वाचला, मला म्हणाले, "अक्षर सुरेख आहे." मग बाबांनी सूर लावला, मृदंग वाजला आणि चाळीस माणसांच्या झांजांनी ती पत्र्याची बराक अशी घुमली की बारा वर्षांत कधी घुमली नसेल.

गजर टिपेला पोचला आणि मागच्या फळ्यांआडून कॉर्नेट उठलं.

मास्तरला राहवलं नव्हतं. बाबांनी चाल टाकली की तो आतून उचलायचा, मग बाबा पुन्हा वर चढायचे. बाबांचे डोळे चमकले, त्यांना बारी समजली होती. साहेबांनी भुवया वर केल्या. "मागे काय वाजतंय हे?"

"शिंग, साहेब," बाबा टाळ न थांबवता म्हणाले. "आमच्या कोकणात भजनाक शिंग लागता."

साहेबांनी लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेले. तेव्हा बराकीत जो जल्लोष झाला! मास्तर बाहेर आला, त्याने आणि बाबांनी एकमेकांना मिठी मारली. एकाचं गाव गोव्याच्या हद्दीवरल्या खाडीच्या अलीकडे, दुसऱ्याचं पलीकडे, दोघांची भाषा इतकी जवळची की मला मध्ये पडावंच लागलं नाही. बाबा म्हणाले, "ही तर डबलबारी रे झिला, माका आधी कित्याक सांगलंस नाय?" माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात आनंदाची दुपार. अशा दुपारीच माणसाने सावध असायला हवं.

पुढच्या रविवारी बाबांची माणसं पुन्हा आली. साहेब परत फिरकला तर, म्हणून. हे बरोबरच होतं. त्याच्या पुढच्या रविवारी वेळ वाटून घेतली, आधी भजन, मग जॅझ. भजन लांबायचं. मग श्रावण आला, मग सप्ताह, आणि सप्ताहात मध्ये बाजा नको असं कुणीतरी म्हणालं. एका तसबिरीच्या तीन झाल्या. खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात गेल्या, मग पावसात बाहेर गेल्या. पियानोवर आता कायमच चादर असायची आणि चादरीवर नारळ. वाईट कुणीच बोलत नव्हतं. मास्तरला प्रसाद न चुकता मिळायचा, बाबा स्वतः नेऊन द्यायचे. दिवाळीनंतर वाजवणारे मास्तर धरून तिघे उरले, आणि तिघांनी वाजवायचं कधी हेच ठरेना.

आई एकदा स्वयंपाक करता करता बाबांना ऐकवून गेली, "भटाक दिली ओसरी, भट हातपाय पसरी."

"आम्ही भट नाय," बाबा ताडकन म्हणाले.

तेव्हा मी धीर करून म्हटलं, "बाबा, जागा त्यांची आहे. आपलं एका रविवारचं ठरलं होतं."

बाबा लबाड नव्हते, अजूनही मी त्यांना लबाड म्हणणार नाही. ते म्हणाले, "कागदार काय असा? झांज. अध्यक्ष कोण? मी. मी खोटा बोलतंय काय? ही चाळीस माणसां मी आता खंय नेऊ, परत वखारीत? ते तिघे जण असत. तीन माणसांक येवढी बराक?" आणि थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "तुझ्याच हातचा अक्षर असा ता."

याला उत्तर होतं. उत्तर ट्रंकेत होतं. एक कागद बाबांपुढे ठेवला असता, किंवा शहरातल्या कचेरीत नेऊन दिला असता, तर बराक कुणाची ते स्वच्छ दिसलं असतं. आणि वाळवीने खाल्लेला कागद कारकुनाच्या ट्रंकेत कसा, हेही दिसलं असतं. माझं लग्न तेव्हा ठरत होतं. नोकरी पाहून ठरत होतं. मी गप्प बसलो.

थंडी सरता सरता, एका सोमवारी संध्याकाळी दिवेलागणीला, मास्तर आमच्या खोलीवर आला. यापूर्वी तो कधीच आला नव्हता. बाबा भजनाला गेले होते, त्याच्याच घरात. आईने चहा टाकला. खोलीत एक खाट, तिच्यावर धुतलेले कपडे पसरलेले. पाहुण्याला बसायला आमच्याकडे ती एक ट्रंकच असायची, वर गोधडी घातलेली. मास्तर तिच्यावर बसला, पाठ ताठ, टोपी मांडीवर. कोट घातलेला, टाय लावलेली, बूट पुसलेले. कुठल्याशा कचेरीत जावं तसा तयार होऊन तो आला होता.

"कुलूप बदललां त्यांनी," तो म्हणाला. "माझ्या खोलीत जायला आता कुणाकडे तरी चावी मागतो मी. तुझ्या बापसाक बोल लावत नाही हां. तो वाईट माणूस नाही. कागद तसा आहे, तो काय करणार?"

मी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला.

"धोबी तलावाला आमच्या गावची कूड आहे, गाववाल्यांची राहायची जागा. तिथे एक खाट मिळेल म्हणतात. आमच्या गावचे सगळे दर्यावर्दी तिथेच राहतात. पण कूडीत वाजवायला देत नाहीत, क्लार्क बाब. आणि गावाक जायची वाट बंद." त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "म्हणून विचारायला आलो. माझा तो अर्ज. टायपाचा. वर खरं नाव, खाली माझी सही. तो तुझ्या ऑफिसात असेलच. तो काढून एकदा तुझ्या बापसाक दाखव. भांडण नको. फक्त दाखव. रविवारची एक दुपार दिली तरी पुरे."

आई चुलीपाशी थांबली होती. तिला काही ठाऊक नव्हतं, पण ती माझ्याकडे बघत होती. मी मास्तरच्या बुटांकडे बघत होतो. बुटांच्या मागे ट्रंकेची कडी लोंबत होती.

"नाही मास्तर," मी म्हणालो. "तसा कागद नाही."

"नाही?"

"मी सगळं दप्तर शोधलं. नाही."

तो विचार करू लागला. कपाळाला आठ्या घालून, खरंच आठवायचा प्रयत्न करू लागला. त्याने ज्या टाइपरायटरवर तो अर्ज केला होता तो कुणाचा, तो दिवस कुठला, हे त्याच्या ओठांवर हलताना मला दिसत होतं. माझं खोटं पकडेल म्हणून मी तयार होऊन बसलो. पकडलं असतं तर मी सांगून टाकलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय.

"मग मीच दिला नसेल," मास्तर शेवटी म्हणाला. "नुसता टाइप केला असेल आणि दिलाच नसेल. म्हातारो जालों रे. आजकाल असंच होतं माझं."

चहा त्याने पूर्ण प्यायला, आईला हात जोडले. उठताना ट्रंकेवर हात टेकला तशी ती किंचित वाजली.

"सॉरी हां, क्लार्क बाब," तो म्हणाला. "तुका उगाच त्रास दिलो."

मग, आपल्या बसण्याने गोधडी चुरगळली हे पाहून, त्याने ती नीट केली, आणि गोधडीबाहेर उघड्या राहिलेल्या ट्रंकेच्या कडेला कोटाची धूळ लागली असेल म्हणून खिशातून रुमाल काढून ती कड पुसली.